माळावरचं विणकाम

१२ फेब्रुवारी १९४५

धोंडुबाई आज सकाळी गेली.

माझा थोरला भाऊ धुळा दिवाळीपासून मेंढरं घेऊन सांगलीकडं, कुपवाडच्या माळावर आहे. त्याच्या बायकोचा हात मोडला, असा सांगावा परवा एका गाडीवानानं आणला. कोकरं व्हायचे दिवस आणि तळावर धुळा एकटा. निम्मी मेंढरं आमची, म्हणजे आमच्यातलं कुणीतरी जायलाच हवं. मी गेलो तर भावाला मेंढरांबरोबर मलाही हाकावं लागेल. तेव्हा बायकोनं जायचं आणि मी इथं वडूजच्या माळावर सहा वर्षांच्या पोरीला सांभाळत बसायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे धोंडुबाईनं गाठोडं बांधलं आणि मी बाजेवरून बघत राहिलो.

हौसा आईच्या लुगड्याला धरून लय रडली. धोंडुबाई तिला म्हणाली, "आबाजवळ ऱ्हा. त्यांचं बघ."

मी म्हणालो, "उलटं सांगतीस. मी तिचं बघायचं हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग गाठोडं डोक्यावर घेऊन म्हणाली, "व्हय. तसंच."

ही वही पुण्याच्या लष्करी इस्पितळातल्या सिस्टरनं दिलेली. तिच्याबरोबर विणायच्या चार सुयाही. "रोज लिहा, रोज विणा, हात रिकामे ठेवू नका," असा तिचा हुकूम होता. घरी येऊन महिना झाला. लिहायला आज बसलो, कारण बोलायला कुणी नाही.

१४ फेब्रुवारी

वस्तीवर सात घरं. पाच बंद आहेत, माणसं मेंढरांमागं गेलेली. एक आमचं, एक साळूबाई काकूंचं. काकूंचं वय झालं म्हणून त्या मागं राहतात. त्याच रोज आम्हाला दोन घागरी पाणी आणून देतात. विहीर दोनशे पावलांवर, उताराला. कुबड्या घेऊन उतार उतरायचा आणि घागर कुठल्या हातात धरायची? काकू घागर ठेवतात तेव्हा मी वर बघत नाही.

दारातून पूर्वेचा माळ दिसतो. एक बोर, एक निंब, लांब ओढ्याची झाडी. तेवढंच माझं जग. इटलीत इस्पितळाच्या तंबूत पडून होतो तेव्हा हाच माळ डोळ्यांपुढं आणून दिवस काढले. आता माळ समोर आहे आणि मी बाजेवर आहे.

हौसा माझ्याशी बोलत नाही. मी भरती झालो तेव्हा ती दीड वर्षाची होती. ती मला चेहऱ्यानं ओळखत नाही, पायानं ओळखते, म्हणजे नसलेल्या. आज पहिल्यांदा बोलली.

"तुमचा दुसरा पाय कुटं ठिवलाय?"

"इटलीत."

"मग आणायचा न्हाई व्हय?"

मी म्हणालो, लांब आहे. त्यावर ती बराच वेळ विचार करत बसली.

१७ फेब्रुवारी

वडुजाहून नाथाजी आले होते. मागच्या लढाईतले हवालदार, आता गावात सगळ्यांचे कागद वाचतात. मी दारात बसून विणत होतो. बघून त्यांनी मिशीवर हात ठेवला.

"गड्या हरिबा, बंदूक धरलेल्या हातात ह्या काड्या?"

आमच्यात बाप्ये टकळीवर लोकर कातत माळभर फिरतात, त्याला कुणी हसत नाही. सुयांवर विणलं की मात्र ते मडमिणीचं काम. मी म्हणालो, "हवालदारसाहेब, वार्डात आम्ही अकरा जण विणत होतो. एकाचे दोन्ही पाय नव्हते, तो सगळ्यात भरभर."

ते मग हसले नाहीत. त्यांनी पुण्याचा लष्करी कागद आणला होता. लाकडी पाय तयार करून देतात, माप द्यायला या, दोन-तीन महिने राहावं लागेल. नाथाजी म्हणाले, "जा की. बसून काय करतोस?"

"पोरीला कुठं ठेवू?"

त्यांनी दाराकडं बघितलं. हौसा उंबऱ्यावर बसून ऐकत होती. कागद मी वहीत घातला आणि वही उशाखाली.

खरं लिहितो. पोरीचं निमित्त आहे. मोटारीच्या अड्ड्यावर चढताना, उतरताना लोक बघतील, हात द्यायला धावतील, 'अरारा' म्हणतील, ते मला सोसणार नाही.

२१ फेब्रुवारी

पळस फुलला. आमच्या दारातून एकच दिसतो, ओढ्याच्या अलीकडं, पण तो एवढा पेटलाय की सकाळी डोळा तिकडंच जातो. पान एक नाही, नुसतं केशरी. काटेसावरही फुटली असेल, पण ती टेकाडाच्या पलीकडं, मला दिसत नाही.

काल हौसाला सांगितलं की पळसाच्या फुलांनी लोकर रंगवता येते. माझी आई रंगवायची. पांढऱ्या कोकराची पहिली लोकर धोंडुबाईनं जाताना ठेवली आहे, मऊ, अजून कोकराचा वास असलेली. हौसा टोपली घेऊन गेली. फुलं आणली, पण वेंधळी पोर! टोपली बोरीखाली ठेवली आणि रिकाम्या हातानं आली.

"टोपली कुठं हाय?"

"तिथं."

"आण की."

"मला जड हुतीया."

फुलांची टोपली जड! शेवटी उठलो. बोरीपर्यंत तीस पावलं. कुबडी खड्यावरून घसरते, म्हणून दगड बघून टेकावी लागते. आणली एकदाची. फुलं तुरटीच्या पाण्यात उकळली, त्यात लोकर बुडवली. हौसा चुलीशी बसून काडीनं ढवळत होती. लोकर वर काढली तेव्हा तिच्या तोंडातून नुसता श्वास निघाला. उन्हात वाळायला घातलेली लोकर म्हणजे माळावर कुणी सकाळ पसरून ठेवल्यासारखी दिसत होती.

२६ फेब्रुवारी

रंग थोडा फिका वाटला म्हणून परत फुलं मागवली. आज पोरीनं टोपली निंबाखाली ठेवली. साठ पावलं. मी रागावलो. ती म्हणाली, "मुंग्या चढल्या हुत्या, म्हणून ठिवली." मुंग्या निंबाखालीच जास्त, हे धनगराच्या पोरीला कळू नये?

गेलो, आणली. निंबाला बारीक मोहर धरू लागलाय, खाली उभं राहिलं की कडू-गोड वास येतो. थोडा वेळ तिथंच थांबलो. दम लागला होता म्हणून.

१ मार्च

आज हौसाला विणायला शिकवलं. निंबाच्या दोन सरळ काड्या तासून, दगडावर घासून गुळगुळीत केल्या. सुलटा टाका एका दमात आला तिला. उलटा टाका घेताना जीभ बाहेर काढते आणि डावीकडं झुकते. धोंडुबाई चाळणीत धान्य घेऊन अशीच झुकते.

"आबा, ही गाठ सुटली तर?"

"तर मागचे टाके उसवत जातात. पर एका टाक्यात सुई घालून धरलं की थांबतं."

"समदं?"

"समदं."

ती 'तुमी' म्हणायची, आज 'तू' म्हणाली. केव्हा बदललं, लक्षात आलं नाही.

आमच्या वळचणीला शिंजिरानं घरटं बांधलंय. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, वाळकं गवत, आणि आज बघतो तर आमच्या केशरी लोकरीचा एक धागा. हौसानं बघितलं आणि पोट धरून हसली. मीही हसलो. पलटणीतून परत आल्यावर माझं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं, जरा दचकलोच.

मातीचे बैल केले दोन, एकाला तिनं मुद्दाम तीन पाय केले. मी म्हणालो, एक मोडला का? म्हणाली, "न्हाई. ह्यो तीन पायाचाच हाय. पर औताला चालतो."

५ मार्च

हौसा म्हणते, ओढ्याला करंज पालवलाय, चल बघायला. म्हटलं, लांब आहे. म्हणते, थोडं थोडं जाऊ. म्हटलं, नको. मग विचारते, "सांगली किती लांब हाय?"

"पंचवीस कोस तरी असंल."

"तू जाशील का तिथवर?"

"मी न्हाई जाऊ शकत."

"किती दिवसांत जाशील?"

पोरीला मी नकोसा झालोय. आईकडं जायचं आहे तिला, आणि मधे मी धोंडा. कळतं मला. वाईट वाटून काय करायचं? मी तिच्या जागी असतो तर असंच म्हणालो असतो.

फुलांची टोपली आज ओढ्याच्या वाटेला, हेंकळाच्या झुडपापाशी टाकून आली. मी गेलो नाही. संध्याकाळपर्यंत फुलं तिथंच सुकली.

९ मार्च

लांडगा. दुपारी उघड्या माळावरून दुडकत गेला. पोट पाठीला लागलेलं, शेपूट खाली. साळूबाई काकूंची शेळी थोडक्यात वाचली. हौसा तेव्हा कुठं होती? ओढ्याला. मी हाका मारत होतो, दारात उभा राहून, कुबड्या बगलेत, आणि आवाज वाऱ्याबरोबर उलटीकडं जात होता. धावता येत नाही. बापाला धावता येत नाही, ही गोष्ट मला त्या क्षणी जेवढी कळली तेवढी पाय कापला तेव्हाही कळली नव्हती.

ती आली अर्ध्या तासानं, ओटीत करंजाची कोवळी पानं घेऊन, गुणगुणत. मी तिला मारलं. पहिल्यांदाच.

ती रडली नाही. पानं उंबऱ्यावर ठेवली आणि आत जाऊन बसली.

११ मार्च

एक व्यवस्था केली आहे. लोकरीचा तीनपदरी गोफ विणला, चांगला बोटभर जाड, मऊ. काचणार नाही. एक टोक माझ्या बाजेला. अंगणात बोरीपर्यंत जाता येतं. मी विणत असतो तेव्हा आणि डोळा लागतो तेव्हा तेवढंच. बाकी वेळ मोकळीच असते.

कोकराला आपण असंच करतो.

१३ मार्च

केशरी लोकरीचं झबलं घेतलं करायला, हौसाच्या मापाचं. पाठ झाली. गळ्याला टाके कमी करताना सिस्टर म्हणायची ते आठवतं, "घाई करू नका, जवान, दोन्हीकडं सारखं." चार सुयांवर गोल चालणारं काम हाताला फार गोड लागतं. मन कुठंही असलं तरी हात आपले पुढं जातात.

हौसा शांत आहे. फुलं आणत नाही, प्रश्न विचारत नाही. तिच्या काड्या कोनाड्यात पडून आहेत. घर एकदम नीट चाललंय.

१६ मार्च

झबलं झालं. बाह्यांना दोन पांढऱ्या पट्ट्या घातल्या. घालून बघ म्हणालो. तिनं हात वर केले, मी घातलं. अगदी बसलं. पळसाच्या रंगात पोर उजळून निघाली. म्हटलं, "कसं हाय?"

"गरम हुतंय."

खरंच आहे, फाल्गुनातल्या उन्हात लोकरीचं झबलं! हे मला विणताना सुचलं कसं नाही? काढून घडी करून ठेवलं. तिच्या घोट्याशी गोफ थोडा सैल केला.

शिंजिरं घरटं सोडून गेली असावीत. घरट्यातून आवाज नाही.

१९ मार्च

साळूबाई काकू नेहमी पाणी ठेवून निघून जातात. आज घागर उतरवली आणि जागच्या हलल्या नाहीत. हौसाच्या पायाकडं बघत होत्या. गोफ परकराच्या काठाखाली झाकला जावा म्हणून हौसानं पाय आत ओढून घेतला. लाज तिला वाटली.

"हरिबा," काकू म्हणाल्या, "पोरीला दाव्याला बांधलीस व्हय रं?"

"काकू, लांडगा हाय माळाला."

"लांडगा कवा न्हवता? तू लहान हुतास तवा बी हुता. तुला कुणी बांधला हुता?"

"माझ्या बापाला दोन पाय हुते."

त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. गुडघे मोडत, हळूहळू. "आरं, तुज्या पायाला धरून तू बसलाईस. तिला कशापायी बसवतोस? तुला एकट्याला कोंडून करमंना व्हय?"

त्या उठल्या तेव्हा हात द्यायला मी नव्हतो, हौसानं दिला. गोफ पुरला तिथवर.

काकू गेल्यावर मी आसरा शोधत होतो. म्हणजे मनात कारणं. मऊ आहे, काचत नाही, थोडाच वेळ. एकही टिकलं नाही. तंबूत पडलो होतो तेव्हा माझ्या पायाला वजन लावून बाजेला बांधलं होतं, हाड जुळावं म्हणून. डॉक्टर माझ्या भल्यासाठीच बांधत होते. तरी दोरी बघून मी ओरडायचो.

सुरीनं गोफ कापला. हौसा बघत होती. पाय मोकळा झाला तरी ती बोरीच्या पुढं गेली नाही. बोरीपर्यंत गेली, थांबली, वळून परत आली. मी म्हणालो, "जा की फुडं." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

हे दोन शब्द वहीत लिहायला मला फार वेळ लागला.

२४ मार्च, मायणीच्या धर्मशाळेत

दोन दिवसांचं एकदम लिहितो. कुबड्यांनी बगला सोलल्या आहेत, अक्षर वाकडं येईल.

परवा सकाळी जाग आली तेव्हा हौसा घरात नव्हती. कोनाड्यातल्या काड्या नव्हत्या, घडी केलेलं झबलंही नव्हतं. रात्रीच्या दोन भाकरी नव्हत्या. माझ्या कुबड्या मात्र नेहमी भिंतीला असतात त्या बाजेला, अगदी हाताशी लावून ठेवल्या होत्या.

हाका मारल्या. काकूंना पाठवलं विहिरीकडं. त्या धावत गेल्या आणि येताना दुरूनच हात हलवला, तिथं नाही म्हणून. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय झालं ते लिहीत नाही. मग काकूंनीच ओढ्याच्या वाटेवर धुळीत लहान पावलं बघितली. सांगलीच्या वाटेवरच्या मायणीच्या सडकेकडं गेलेली.

काकू म्हणाल्या, "मी वडुजाला जाऊन माणसं आणती."

वडूज उलट्या दिशेला तीन मैल. त्या जाणार, माणसं येणार. म्हटलं, "तुमी जावा. मी निघतो."

"तू?"

वही आणि पुण्याचा कागद सदऱ्यात घातला, का ते ठाऊक नाही. पलटणीतली सवय असेल, निघताना कागद जवळ.

ओढा उतरताना पडलो. एकदा, दोनदा. करंजाच्या बुंध्याला धरून उभा राहिलो. हौसा सांगायची तो करंज हाच, नवी पानं अशी चकचकीत की तेल लावल्यासारखी. बघायला वेळ नव्हता तरी बघितला. सडकेला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं. पहिला मैलाचा दगड आला तेव्हा वाटलं, संपलं. दगडावर बसलो. एका सायकलवाल्याला विचारलं, "लहान पोर दिसली का, एकटी?"

"दिसली की. झबल्याचं मुंडासं डोक्याला बांधलंय, केशरी. रमतगमत चाललीया. दगडाला बसती, मागं बघती, परत चालती."

म्हणजे दमली असणार. भ्याली असणार. मी उठलो. दुसरा दगड. सडकेच्या दोन्ही बाजूंना पळस होता, मी दारातून एकच बघत होतो, इथं रांगच्या रांग. कुबडीखालचं रबर फाटलं, लाकूड दगडावर वाजू लागलं. लोक भेटले. हात द्यायला आले, 'अरारा' म्हणाले. त्यांचं काही लागलंच नाही मला. मी त्यांना फक्त विचारत होतो, केशरी मुंडासं बघितलं का? सगळ्यांनी बघितलं होतं. एवढ्या मोठ्या माळावर तेवढा एकच रंग हलत असणार.

तिसऱ्या दगडापाशी निंबाची सावली होती, तिथं तिनं खाल्लेल्या भाकरीचा पापुद्रा पडला होता. मुंग्या लागल्या होत्या. त्याच्या शेजारी पानावर ठेवलेली एक अख्खी भाकरी, वर दगड. मला वाटलं, पोरीला ओझं झालं म्हणून टाकली. मला भूक लागली होती, मी खाल्ली.

चौथ्या दगडाच्या पुढं सडकेचं खडीचं काम चाललंय. बायामाणसं खडी फोडत होती. एका झोपडीच्या सावलीत माझी हौसा बसली होती. हातात निंबाच्या काड्या, विणत होती.

मी उभाच राहिलो. बसलो असतो तर उठलो नसतो.

खडी फोडणारी एक बाई, रंगूबाई नावाची, पदरानं घाम पुसत पुढं आली. "ही पोर तुमची? आवं, दुपारधरनं बसलीया. म्या म्हणलं, चल, मुकादमाच्या गाडीतनं तुला मायणीला सोडती. तर न्हाई म्हणाली. म्हणाली, माझा आबा मागनं येतुया. म्या सडकेला बघितलं, कुणी न्हाई. म्हणलं, कुटं हाय तुझा आबा? तर म्हणाली, त्याला येळ लागतो."

हौसानं सुई टाक्यात घालून ठेवली, सुटू नये म्हणून, आणि वर बघितलं.

"लय येळ लावलास," ती म्हणाली.

"पळून का आलीस गं?"

"पळून कुटं? चालत आले." मग माझ्या पायाकडं बघून, अगदी साधेपणानं, "पळाले असते तर तुला घावले असते व्हय?"

मी खाली बसलो. खडीच्या ढिगावर. रंगूबाईनं पाणी दिलं. हौसानं माझ्या बगलेतलं रक्त बघितलं आणि तिचं तोंड एकदम लहान झालं. डोक्याचं झबलं सोडून, घडी घालून, तिनं कुबडीच्या आडव्या लाकडावर बांधलं. एका बाजूलाच पुरलं.

"आता घरला जाऊ," मी म्हणालो.

"घर लांब हाय."

"आई त्याहून लांब हाय."

"पर तिकडं उतार हाय," ती म्हणाली. खोटं आहे ते. मायणीकडं सडक चढणीलाच लागते. तरी म्हटलं, चल.

मुकादमाचा गाडीवान जोतिबा संध्याकाळी मायणीला परतणार होता. एक टपालवाला उलटा वडुजाकडं जात होता, त्याच्याबरोबर काकूंना निरोप पाठवला. गाडीत चढताना दोघांनी मला काखेत धरून वर घेतलं. मी 'नको' म्हणालो नाही.

३१ मार्च, कुपवाड

विटा, तासगाव करत, कुणाच्या गाडीत, एक टप्पा सर्व्हिस मोटारीतून, मधे दोन मैल पायी, काल दुपारी पोचलो. माळावर तळ दिसला. धोंडुबाई कोकराला पाजत होती. लांबून तिला कोण वाटलं कुणास ठाऊक, आधी डोळ्यांवर हात धरला, मग कोकरू सोडलं.

धावली ती हौसाकडं. पोरीला कडेवर घेतलं, एवढी मोठी पोर. माझ्याजवळ येऊन माझ्या तोंडाकडं बघेचना. बगलेकडं बघितलं, कुबडीकडं, पायातल्या फाटक्या वहाणेकडं.

"कुटपर्यंत चालत आलासा?"

"सगळं मिळून आठ मैल असंल."

तिनं मान हलवली. माझ्या पाठीवर हात ठेवला, भावासमोर, भर दुपारी. धुळा मेंढराकडं बघू लागला.

मी तिला गोफाचं सांगितलं. हौसानं सांगण्याआधी मीच सांगायला हवं होतं. ती ऐकत होती आणि हात माझ्या पाठीवरून निघाला. रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी भाकरी देताना म्हणाली, "परत असं झालं तर पोरगी तुमच्यापाशी ठिवायची न्हाई मी." मी म्हणालो, बरोबर आहे. हौसानं गोफाचं आईला काही सांगितलंच नव्हतं, हे मागनं कळलं.

इथं लोकर कातरायचं काम चाललंय. ते बसून होतं. सकाळपासून सात मेंढरं कातरली. धुळा म्हणाला, "तुझा हात अजून हाय की रं." बाभळी पिवळ्या झाल्यात, सगळ्या माळाला त्यांचा वास. हौसा कोकरांत आहे, इथून दिसत नाही. मी हाक मारली नाही. मारावीशी फार वाटली.

३ एप्रिल

पुण्याचा कागद धोंडुबाईला वाचून दाखवला. माप द्यायला जायची मुदत अजून आठ दिवस आहे. ती म्हणाली, "जावा." मी म्हणालो, "तीन महिने लागतील." ती म्हणाली, "पाच वर्सं गेली, त्यात तीन महिने काय?"

उद्या धुळा मला मिरजेपर्यंत गाडीनं सोडणार, तिथून आगगाडी. भीती वाटते. इस्पितळाचा वास, पुन्हा चालायला शिकणं, पुन्हा पडणं. हे कुणी वाचलं तर मी धीट झालो असं त्यानं समजू नये. फक्त इथं बसून राहणं आता त्याहून अवघड वाटतं.

संध्याकाळी मी आणि हौसा मेंढरं कोंडायच्या जाळीबाहेर, वाघरीबाहेर बसलो होतो. तिचं विणकाम वीतभर झालंय, कडा वाकडी, मधे दोन टाके सुटलेले. ते काय आहे म्हणून विचारलं, तर तिलाही माहीत नाही. बराच वेळ विणून झाल्यावर तिनं विचारलं,

"पुण्याला तुझ्या फुडं कोण चालणार?"

"डाक्टर असतील."

तिनं उलटा टाका घेतला, जीभ बाहेर काढून, डावीकडं झुकून.

"मग त्यास्नी सांग, लय भरभर चालू नगासा. पर थांबू बी नगासा."